हजिऱ्याची मोटार कोणाला द्यावी?

हजिऱ्यास कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी आपली जुनी अमेरिकन मोटार विकावयास काढली आहे. १९५६ सालची शेवरोले बेल एअर, कापडी टपाची. टप मागे दुमडावा आणि मोकळ्या हवेत फिरावे, असा तिचा घाट. काकांकडून आलेली ही गाडी त्यांनी तीस वर्षे पोटच्या पोरासारखी सांभाळली. आता निवृत्तीनंतर बडोद्यास यावयाचे; येथल्या सदनिकेखाली स्कूटर उभी करावयास जागा नाही, तेथे ही गजगामिनी कोठे ठेवणार? मुले परदेशी. तेव्हा विकणे आलेच.

एका गृहस्थाच्या गाडीची चर्चा वर्तमानपत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या जुन्या घरांतून झुंबरे, सतारी, पोथ्या आणि मोटारी याच रीतीने बाहेर पडत आहेत. त्या कोणाच्या हाती द्याव्या, हा प्रश्न एकट्या स्नेह्यांचा नाही.

गाडीस गिऱ्हाइके तीन आली. पहिला लग्नाच्या वरातींना गाड्या भाड्याने देणारा. सर्वांत मोठी किंमत त्याचीच. दुसरे एक हौशी धनिक. त्यांच्याकडे अशा गाड्यांची रांगच आहे. तिसरा एक तरुण मिस्त्री. पैसे सर्वांत कमी, तेही दोन हप्त्यांत. स्नेह्यांनी आमचे मत विचारले. आम्ही बोलण्यापूर्वीच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जायची ती जाऊ द्या, पण तिला नवरीसारखी नटवून रोज निराळ्या दारी उभी करणार असतील, तर मला ते पैसे नकोत."

वहिनींच्या बोलण्यात भावना आहे, तसा कायदाही आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शनात, मेळाव्यात, पेट्रोल भरावयास वा दुरुस्तीस नेता येते. धंद्यासाठी मात्र चालवता येत नाही. रोजच्या फिरण्यासही मनाई आहे, आणि येथे आमचा नियमाशी थोडा मतभेद आहे. कारण यंत्र चालविल्यानेच टिकते. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकटा धरतो, ब्रेक अडकतात, रबर तडकते. त्यात हजिऱ्याची खारी हवा! टप कापडाचा असल्याने भार सारा तळच्या सांगाड्यावर, आणि पाणी झिरपते तेही तेथेच. वरून चकाकणारी गाडी खालून पोखरलेली निघते. स्नेही दर पावसाळ्यानंतर आतली सतरंजी उचलून तळ पाहत आले, म्हणून ही वाचली.

धनिकांकडे देण्यास आमची हरकत नव्हती. संग्राहकांचे ऋण मोठे आहे; अहमदाबादजवळ कठवाड्यास प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेल्या मोटारी पाहून आलेला मनुष्य ते नाकारणार नाही. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला, तोही अशा हौशी मंडळींच्याच जिवावर. पण मालकाकडे प्रत्येक गाडीसाठी वेळ आणि जाणता हात आहे काय, हे विचारलेच पाहिजे.

इंदूरचे उदाहरण घ्या. यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली. तिचा सांगाडा अमेरिकेचा, उघड्या टपाची अंगकाठी लंडनच्या गर्नी नटिंग यांची, रंग केशरी आणि काळा. शक्ती ३२० अश्वांची सांगत. ती पुढे अमेरिकेस गेली आणि तेथे जतन झाली. आपण हळहळतो, आणि ते योग्यच. पण ती येथे राहती तर तिची निगा राखणारे हात आपण तयार केले होते काय? मुंबईस शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. अशा कामावर हात बसलेले फिटर आपल्या गावोगावच्या गॅरेजांत असत. त्यांची विद्या कोणी लिहून ठेवली नाही. गाडी गेल्याचे दुःख होते, विद्या गेल्याचे कोणास कळतही नाही.

म्हणून आमचे मत मिस्त्रीच्या बाजूने पडले. तो आला तो थेट गाडीखाली शिरला. किंमत त्याने नंतर विचारली. स्नेह्यांनी सुटे भाग, जुनी बिले आणि दुरुस्तीच्या नोंदींची वही गाडीबरोबरच द्यावी आणि पहिले सहा महिने त्याच्याशी येणेजाणे ठेवावे, एवढेच आम्ही सुचविले. या व्यवहारात पैशाचा तोटा आहे, हे उघड आहे. तो सोसणे प्रत्येकास परवडेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांस परवडते, त्यांनी वारसा विकताना किंमतीइतकेच घेणाऱ्याच्या हातांकडेही पाहावे.

स्नेही अजून विचारात आहेत. वहिनींचा विचार मात्र झालेला दिसतो. त्यांनी ती नोंदींची वही नव्या कापडात बांधून ठेवली आहे.