हवालदार तात्यांचं काम ‘नाना’कडे अडकलंय

७ डिसेंबर आला की कॉलेजच्या गेटवर एनसीसीची पोरं ध्वजनिधीचा डबा घेऊन उभी राहतात. आपण दहा-वीस रुपये टाकतो, खिशावर छोटा झेंडा लावून घेतो, एक स्टोरी टाकतो आणि लेक्चरला पळतो. १९४९ पासून हा दिवस पाळला जातोय. पैसे द्यायलाच हवेत. पण मला तुमच्याकडे आणखी एक गोष्ट मागायची आहे, तुमची एक दुपार.

कशासाठी, ते सांगते. सातारा जिल्ह्यात माझ्या आजोळी एक हवालदार तात्या आहेत. तोफखान्यात होते. उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. मी पत्रकारिता शिकतेय हे कळल्यावर दिवाळीत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “बघ गं, हे इंग्रजी काय म्हणतंय. आमचं काम कुण्या नानाकडे अडकलंय.”

कागदावर खरंच तसं होतं. एन, ए, एन, ए. पण हा नाना कुणी साहेब नव्हता, तो शेरा होता. अर्थ असा की, हे अपंगत्व सैन्यातल्या नोकरीमुळे आलेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. त्या एका शेऱ्यावर तात्यांची अपंगत्व पेन्शन नाकारली गेली होती. त्यावर अपील करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ते नानाच्या सहीची वाट बघत बसले होते.

आता नियम काय म्हणतो? अपंगत्व पेन्शनसाठी साधारण दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि त्याचा नोकरीशी संबंध हवा. गोळी लागली, पाय गेला, तर संबंध सगळ्यांना दिसतो. बहिरेपण, पाठीचं दुखणं, मनाचे आजार मात्र दिसत नाहीत. भांडण होतं ते तिथेच.

याबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल महत्त्वाचा आहे. सिग्नल्समधल्या या जवानाला फिट्स येऊ लागल्या आणि सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर घरी पाठवलं गेलं. कोर्टाने म्हटलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. २०१४ च्या राम अवतार निकालाने टक्केवारीचा प्रश्न सोडवला. ५० च्या आतलं अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरायचं, हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. म्हणजे २० टक्केवाल्याला पगाराच्या ६ टक्क्यांऐवजी १५ टक्के. गावातल्या घराला हा फरक लहान नाही.

कुणी म्हणेल, खोटे दावेही होतात. होत असतील. गैरवापराचं कारण देऊनच २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यामुळे माणूस कधी निवृत्त झाला त्यावर कुठला नियम लागू ते ठरतं. पण दावा खरा की खोटा हे अपिलात ठरू दे ना. ज्याला आपल्या कागदावर काय लिहिलंय हेच कळलेलं नाही, तो अपिलापर्यंत पोचणार कसा?

आणि इथे तुम्ही येता. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना आधारवरचं नाव जुळलं नाही म्हणून तुम्ही रात्र काढली आहे ना? तात्यांच्या पिढीचं तेच दुखणं आहे. सैन्याच्या रेकॉर्डवर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे. दरवर्षी हयातीचा दाखला, ओटीपी, पासवर्ड. तुम्हाला जे डाव्या हाताचं काम वाटतं, त्यासाठी ते एजंटला पैसे मोजतात.

मग करायचं काय? गावातल्या किंवा सोसायटीतल्या एका माजी सैनिकाकडे किंवा वीरपत्नीकडे जा. कागद तारखेप्रमाणे लावा, मराठीत वाचून दाखवा. सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चला, ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. मेडिकल बोर्डाचे कागद हरवले असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहून द्या. अपील फेटाळलं गेलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. लॉ करणाऱ्यांनो, २०२५ च्या जुलैत नालसाने सैनिक कुटुंबांच्या कायदेशीर मदतीसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिची चौकशी करा.

गावपातळीवरही बरंच काही आहे. माजी सैनिकांना घरपट्टीत सवलत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यासाठीचं दिव्यांग प्रमाणपत्र मात्र वेगळं काढावं लागतं, सैन्याचा कागद तिथे पुरत नाही.

एक पथ्य पाळा. ओटीपी त्यांचा आहे, तो त्यांनीच टाकायचा. पासवर्ड तुमच्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही. आणि “पेन्शन मिळवून देतो” असं वचन द्यायचं नाही. आपण वकील नाही, डॉक्टर नाही. आपण वाचून दाखवणारे.

घाई मात्र करा. उशिरा दावा केला तर थकबाकी साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते. त्याआधीची वर्षं गेली ती गेलीच. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यातले काही तास रांगोळी स्पर्धेऐवजी इथे द्यायला प्रोग्राम ऑफिसर नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

तात्यांचं अपील मागच्या महिन्यात पोस्टाने गेलं. उशीर का झाला त्याचा अर्जही सोबत जोडलाय. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पोस्टाची पावती त्यांनी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, “शेजारच्या गावात आमच्या पलटणीतला एक आहे. त्याचंही नानाकडेच अडकलंय. येशील का?”

मी येत्या रविवारी जातेय. तुम्ही कुणाकडे जाताय?