‘नेट चालत नाही’ ही काय तक्रार झाली?

आपल्या हॉस्टेलचं कम्प्लेंट रजिस्टर कधी निवांत वाचलंय का? मी वाचलं. (सबमिशनच्या दिवसांत माणूस काहीही वाचतो!) ‘वाय-फाय चालत नाही’, ‘नेट फार स्लो’, ‘सर प्लीज’... पानंच्या पानं. आणि समोर नेटवर्कवाल्या सरांचा ठरलेला शेरा: ‘पाहिले. चालू आहे.’

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. नेट रात्री पावणेअकराला गेलं. सर सकाळी अकराला आले तेव्हा ते व्यवस्थित होतं. मधे काय घडलं ते पाहणारा साक्षीदार मात्र आपल्याच टेबलावर असतो, तो म्हणजे लॅपटॉप. कधी जोडला गेला, कधी तुटला, का तुटला, सगळं तो लिहून ठेवतो. त्यालाच लॉग म्हणायचं. आमच्या कॉन्व्हेंटी मराठीत ‘मशीनची डायरी’!

विंडोज १० किंवा ११ असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाईप करा. मागच्या तीन दिवसांचा वाय-फायचा रिपोर्ट तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो. लिनक्सवाल्यांना ‘जर्नलसीटीएल’ सांगायला नको, ते आधीच भाव खात असतात.

पण एका लॅपटॉपचा लॉग म्हणजे एकच साक्ष. खरी मजा चार रूमचे लॉग शेजारी ठेवल्यावर. चौघांचंही कनेक्शन १०:४७ ला तुटलं असेल, तर दोष आपल्या लॅपटॉपपेक्षा विंगमधल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये किंवा त्याच्या मागच्या केबलमध्ये असण्याची शक्यता जास्त. एकट्याचंच तुटलं असेल, तर बाबा रे, आधी तुझा ड्रायव्हर बघ. म्हणून तक्रारीत वेळ हवी. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये पतंग सापडला, तेव्हा तिथल्या लोकांनी तो लॉगबुकात चिकटवला आणि शेजारी वेळ, रिलेचा नंबर, पॅनेल सगळं लिहिलं. आपण ‘सर प्लीज’ लिहितो.

आता दुसरी बाजू. लॉग मागितला की आपली पब्लिक लगेच अख्खी फाईल विंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फेकते. असं करू नका! त्या वाय-फाय रिपोर्टमध्ये तुमचं युजरनेम असतं, मॅक ॲड्रेस असतो, तुम्ही कुठल्या कुठल्या नेटवर्कला जोडले होतात तेही असतं. अँड्रॉइड फोनचा ‘बग रिपोर्ट’ तर त्याहून बडबड्या. फोनमध्ये कुठली ॲप्स आहेत, कुठली अकाउंट्स आहेत, हे त्यातून कळू शकतं. मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही. सरांना मॅक ॲड्रेस लागतोच, त्याशिवाय त्यांच्याकडच्या नोंदीशी आपली नोंद जुळवता येत नाही. पण तो सरांना लागतो, दोनशे जणांना नाही. ग्रुपवर फक्त वेळ आणि रूम नंबर टाका, फाईल थेट सरांना मेल करा आणि काम झालं की डिलीट करायला सांगा.

आणि सर, रागावू नका, पण लॉग तुमच्याकडेही असतोच ना? कंट्रोलरवर प्रत्येक ॲक्सेस पॉइंट कधी बंद पडला याची नोंद मिळते. आम्ही आमची डायरी उघडायची आणि तुमची मात्र ‘चालू आहे’ या दोन शब्दांत मिटलेली, हे काही बरोबर नाही. शेऱ्यात ‘१०:४७ ला ए विंगचा ॲक्सेस पॉइंट बंद होता’ किंवा ‘नव्हता’ एवढं जरी आलं, तरी आम्हाला पटेल. ‘नव्हता’ असेल तर आम्ही आमचे लॅपटॉप उघडून बसू.

रजिस्टरमध्ये सध्या नाव, तक्रार आणि सही एवढेच रकाने आहेत. तुटल्याची वेळ, रूम नंबर आणि ‘ॲक्सेस पॉइंटचा लॉग पाहिला का?’ असे तीन वाढवायला हवेत. रेक्टर मॅडम, नवं रजिस्टर छापायला टाकाल तेव्हा एवढं बघाल का?