बऱ्हाणपूरचे पाणी आणि शहरांची सुधारणा

शहरांची सुधारणा हा विषय खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस कदाचित परका वाटेल. रस्ते रुंद व्हावेत, चौकांत दिवे लागावेत, पडक्या वाड्यांच्या जागी नव्या इमारती याव्यात, या गोष्टी नगरपालिकेने पाहाव्यात; त्यांचा आमच्या शेताशी आणि विहिरीशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु शहर वाढते ते खेड्याच्या जमिनीवर, पाणी पिते ते खेड्याच्या शिवारातले, आणि आपली मुले कामधंद्यासाठी जातात तीही शहरातच. यास्तव शहर कसे सुधारावे, याचा विचार खेड्यातील कुटुंबांनीही केला पाहिजे. त्यासाठी आज आम्ही बऱ्हाणपूरचे उदाहरण घेत आहोत.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने महाराष्ट्राची सीमा ओलांडली की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे. पण जुन्या खानदेशाचे ते राजधानीचे शहर. इ. स. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकी याने तापीच्या काठी ते वसविले आणि संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास दिले. १६०१ साली अकबराने खानदेश जिंकला, तेव्हापासून मोगलांचा दक्षिणेतील कारभार बराच काळ येथून चाले. १६३१ साली शाहजहानची बेगम मुमताजमहल येथेच वारली, आणि तिचा देह आग्र्यास नेईपर्यंत तापीच्या पलीकडील जैनाबादेस ठेवला होता. १७६० साली हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले. खांडवा जिल्ह्यापासून वेगळे होऊन १५ ऑगस्ट २००३ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती दोन लाख दहा हजारांवर भरली. म्हणजे हे शहर फार मोठे नाही आणि अगदी लहानही नाही. अशाच मध्यम शहरांपुढे सुधारणेचा प्रश्न आज अधिक कठीण होऊन उभा आहे.

बऱ्हाणपूरला गेलेला प्रवासी मुमताजचा देह कोठे ठेवला होता, हे आवर्जून विचारतो. एवढ्या मोठ्या छावणीला आणि बाजारपेठेला प्यावयास पाणी कोठून येत असे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक या शहराचे खरे थोरपण त्या पाण्यातच आहे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला. शाहजाद्याचे, खानखानानचे आणि अशाच थोड्या बड्यांचे वाडे सोडले, तर बाकीची सारी घरे मातीची झोपडी होती, असे त्याने लिहून ठेवले. वरून पाहणाऱ्यास एवढेच दिसले. पण त्याच सुमारास खानखानान अब्दुल रहीम यांच्या सुभेदारीत या शहराच्या पोटात एक फार मोठे काम चालू होते. कवी म्हणून ज्यांचे दोहे उत्तर हिंदुस्थानात घरोघर माहीत आहेत, तेच हे रहीम.

हे काम कसे होते, ते शेतकरी वाचकांस समजावयास अवघड नाही. सातपुड्याच्या डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि उताराने हळूहळू तापीकडे सरकत असते. वाटेतच त्यास गाठावे म्हणून जमिनीखाली बोगदे खणण्यात आले आणि त्यांत हे पाझर जमू दिले. बोगद्याच्या मार्गावर ठराविक अंतराने उभ्या गोल विहिरी घेतल्या. त्यांस कुंड्या म्हणतात. या कुंड्यांतून बोगद्यात हवा व उजेड जाई, आणि गाळ काढण्यासाठी माणसाला खाली उतरताही येई. जमिनीच्या उताराचा नेमका हिशेब धरल्यामुळे मोट, रहाट, इंजिन यांपैकी कशाचीही गरज न लागता पाणी आपल्या वजनानेच शहरापर्यंत वाहत येई आणि तेथून निरनिराळ्या भागांत वाटले जाई. इराणात ही विद्या फार जुनी आहे, आणि तिकडील तबकुतुल अर्ज नावाच्या जाणकाराने येथील आखणी केली, असे सांगतात. अशा आठ योजनांचा शोध लागलेला आहे. त्यांपैकी दोन फार पूर्वीच नष्ट झाल्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा ही उरलेल्यांपैकी काही नावे. सर्वांत प्रसिद्ध तो लालबागजवळचा कुंडी भंडारा, ज्यास खूनी भंडाराही म्हणतात. त्याच्या मार्गावर शंभरांहून अधिक कुंड्या आहेत, आणि चारशे वर्षे होऊन गेली तरी त्यातील पाणी आटलेले नाही.

येथे एक गंमत वाचकांनी ध्यानात घ्यावी. खानखानान ज्याच्याशी दक्षिणेत लढत होते, त्या मलिक अंबरने १६१७ च्या सुमारास आपल्या खडकी शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशाच जातीची भूमिगत नहर बांधली. तेथील पाणचक्की पाहिलेले पुष्कळ वाचक असतील. दोघे रणांगणावर एकमेकांचे वैरी. पण शहर वसवावयाचे तर आधी पाण्याची सोय केली पाहिजे, याविषयी दोघांचे एकमत होते.

पुढे नळ आले, विजेचे पंप आले, आणि जुन्या भंडाऱ्यांकडे दुर्लक्ष होऊ लागले. पाण्यातील चुन्याचे थर बोगद्यांच्या भिंतींवर चढत गेले. ज्या शिवारात पाणी मुरावयाचे, तेथे कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. शहर पसरू लागले, तशी कुंड्यांच्या आसपासची मोकळी रानेही घरांसाठी मोलाची झाली. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत खूनी भंडाऱ्याचे नाव दाखल झाले, ही खचितच आनंदाची गोष्ट आहे. सुमारे ऐंशी फूट खाली उतरून तो बोगदा पाहण्यासाठी पाळण्याची सोयही तेथे करण्यात आलेली आहे. पाहुणे येतील, चार लोकांना रोजगार मिळेल; त्यास आमचा विरोध नाही. मात्र उतरण्याची जागा शोभिवंत केली आणि डोंगरापासून शहरापर्यंतचे शिवार मोकळे सोडून दिले, तर पाहुण्यांना एके दिवशी कोरडा बोगदा दाखवावा लागेल. देवडीला रंग दिला आणि घरातील विहीर बुजविली, तर त्यास घराची दुरुस्ती कोण म्हणेल?

ही चूक केवळ आपल्याच देशात होते असे नाही. श्रीमंत अमेरिकेनेही तिचे मोल दिलेले आहे. तेथील पिट्सबर्ग हे तीन नद्यांच्या संगमावरील पोलादाचे शहर. आज त्याची वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे तिकडच्या मानाने मध्यमच. शहराचे पुनरुज्जीवन करावयाचे म्हणून १९५६ साली तेथील लोअर हिल नावाची वस्ती पाडावयास आरंभ झाला. सुमारे ९५ एकर जागेवरील ही वस्ती मुख्यत्वे कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची होती. आठ हजारांहून अधिक माणसे उठविली गेली. चारशेंहून अधिक दुकाने व धंदे मोडले. त्या जागी पोलादी घुमटाचे भव्य क्रीडागृह १९६१ साली उघडण्यात आले. पुढे रहिवाशांनी सेंट बेनेडिक्ट द मूर या कॅथोलिक चर्चजवळच्या चौकात, तुमची सुधारणा येथून पुढे येऊ देणार नाही, अशा अर्थाचा फलक लावला, आणि वस्तीचा उरलेला भाग पुष्कळसा वाचला. ज्यासाठी एवढी घरे मोडली, ते क्रीडागृह पन्नास वर्षांनी जुने ठरले आणि २०११-१२ मध्ये पाडण्यात आले. त्यानंतर त्या जागेतील पुष्कळ भागावर वर्षानुवर्षे मोटारी उभ्या राहत होत्या. घुमट गेला, तसे शेजारही गेले. पण घुमट पुन्हा बांधता येतो, शेजार पुन्हा बांधता येत नाही.

त्याच देशातील प्रॉव्हिडन्स शहराची हकीकत याहून निराळी आहे. त्याची वस्ती जवळजवळ बऱ्हाणपुराएवढीच. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नद्यांवर तेथील लोकांनी हळूहळू छत घालून रस्ते आणि गाड्यांचे तळ केले होते. आपल्या गावातून नदी वाहते, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येईना. १९८० नंतरच्या काळात तेथील जाणत्या लोकांनी उलटा विचार केला. छत काढले, नद्यांचे पात्र पुन्हा उघडे केले, काठाने पायवाटा आणि पूल बांधले. १९९० नंतर काही वर्षांत ओसाड वाटणाऱ्या त्या भागात माणसे पुन्हा फिरू लागली. या शहराने दुसरीकडून काही आणले नाही. आपले जे होते, ते झाकले होते, तेच उघडे केले. बऱ्हाणपुराने आणि आपल्याकडील अशा प्रत्येक गावाने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पाण्याबरोबर शहराला हाताचे कामही लागते. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी बऱ्हाणपुरास येऊन गेला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. आजही शहराच्या मोहल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. परंतु लालबागेतील जुनी ताप्ती मिल, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातील इतर गिरण्यांप्रमाणेच, मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आणि टाळेबंदी उठली तरी कामगारांस लगेच बोलावणे आले नाही. याच्या उलट, जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना पाहा. पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्रास अर्पण केलेला हा देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना २०१६ पासून बंद पडलेला होता. यंत्रसामग्री बदलून ऑगस्ट २०२२ मध्ये तो पुन्हा चालू करण्यात आला. ज्या घरात गिरणीच्या भोंग्यावर चूल पेटत असे, तेथील गृहिणीस विचारा की शहर सुधारले केव्हा म्हणावे. चौकातील कारंजे पाहून ती उत्तर देणार नाही.

आता खेड्यांकडे वळू. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्यास देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा म्हणून मान मिळाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जिल्ह्याच्या खेड्यांतील १,०१,९०५ घरांपैकी केवळ ३७,२४१ घरांत नळाचे पाणी होते. तीन वर्षांच्या आत ते सर्व घरांत पोहोचले. हा दाखला केवळ कचेरीतील कागदांवरून मिळालेला नाही. जिल्ह्यातील २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून, पाणी खरोखर येते असे सांगितले, तेव्हा तो मिळाला. डोक्यावरचा हंडा उतरला, याचे मोल आमच्या भगिनींस अधिक सांगावयास नको.

तथापि नळ म्हणजे पाणी नव्हे. नळ ही केवळ वाट आहे. पाणी येते ते जमिनीतून आणि नदीतून. हा जिल्हा केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, आणि केळीचे पीक किती पाणी मागते हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. सातपुड्याच्या उतारावर जंगल राहिले नाही, शेतात बांध राहिला नाही, आणि जो तो शेजाऱ्याहून खोल छिद्र पाडू लागला, तर शहराचा भंडाराही आटेल आणि खेड्याचा नळही. येथे शहरावर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही. वरच्या शिवारातील शेतकऱ्याने ठिबकने पाणी दिले, बांध धरला, ओढ्यात पाणी अडविले, तर तो खालच्या शहराची सुधारणाच करीत असतो. याचा मोबदला शहराने खेड्यास मानाने आणि पैशाने दिला पाहिजे, असेही आमचे स्पष्ट मत आहे.

शहराची हद्द आज ना उद्या आपल्या वेशीपाशी येणार आहे. वसईकडच्या वाचकांनी तर आपल्या बावखलांच्या आसपास ती आलेली पाहिलेलीच आहे. नकाशे येतील, सभा भरतील, गोड शब्द ऐकू येतील. अशा वेळी घाबरून जाऊ नये, आणि हुरळूनही जाऊ नये. सभेस जावे, आणि एकट्या पुरुषांनीच नव्हे, तर पाणी भरणाऱ्या स्त्रियांनीही जावे. या योजनेचे पाणी कोठून येणार? त्यासाठी कोणाची विहीर, कोणता तलाव बुजणार? किती घरे उठणार, आणि त्यांना जागा आधी मिळणार की मागाहून? आमच्या मुलांना यात कोणते काम मिळणार? दहा वर्षांनी गाळ कोण काढणार? हे प्रश्न उभे राहून, शांतपणे विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. जी योजना या प्रश्नांस नीट उत्तर देईल, तिला मनापासून हातभार लावावा. जी देणार नाही, तिच्या कागदावर अंगठा उठविण्याची घाई करू नये.

आणि तोवर एक काम कोणाच्याही परवानगीवाचून करता येण्यासारखे आहे. आपल्या वाडीतील जुनी विहीर कोणी खणली, तिचे पाणी कोणकोण भरीत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांस सांगावे. आणि या उन्हाळ्यात, पाऊस येण्यापूर्वी, चार घरांनी मिळून तिचा गाळ काढावा.