पायाच्या धमनीतील कॅल्शियम फोडणारा फुगा: कोणाला उपयोगी?

२०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने शॉकवेव्ह मेडिकल ही कंपनी सुमारे १३ अब्ज डॉलरना विकत घेतली. धमनीतील कॅल्शियम फोडणाऱ्या फुग्यांसाठी ही कंपनी ओळखली जाते. एवढी किंमत मिळाली म्हणजे प्रत्येक रुग्णाला हाच फुगा हवा, असे मात्र नाही.

मधुमेह, धूम्रपान, किडनीचा आजार आणि वाढते वय यांमुळे पायाच्या धमन्यांत कॅल्शियम साचते. अशा कडक धमनीत साधा फुगा जोराने फुगवला तर तिचा आतला थर फाटू शकतो आणि स्टेंट बसवावा लागतो. नव्या फुग्यातून निघणाऱ्या दाबलहरी कॅल्शियमला तडे देतात. मूतखडा फोडण्याचे तत्त्वही हेच. मग कमी दाबातही धमनी उघडते.

३०६ रुग्णांवरील 'डिसरप्ट पॅड ३' चाचणीत स्टेंटची गरज या फुग्याच्या गटात ४.६ टक्के, तर साध्या फुग्याच्या गटात १८.३ टक्के रुग्णांना लागली. मात्र वर्षभरात त्याच जागी पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे.

त्यामुळे खर्चाला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: कॅल्शियम किती आहे? साध्या फुग्याने भागेल का? चालताना पोटरी दुखणे एवढाच त्रास असेल, तर औषधे, तंबाखू सोडणे आणि नियमित चालणे आधी करून पाहता येते. पण जखम भरत नसेल, बोट काळे पडत असेल किंवा झोपेतही पाय दुखत असेल, तर थांबू नका. पाय अचानक थंड आणि पांढरा पडला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.