गोरा साहेब, बोली आपली

बालदोस्तांनो,

गेल्या आठवड्यात आमच्या वर्गात नाटुकल्याची तालीम चालली होती. एक मुलगा 'माझा भाऊ'ऐवजी 'मन्हा भाऊ' बोलून गेला आणि सगळा वर्ग खो खो हसला. गंमत म्हणजे हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी अहिराणीच बोलतात! पण त्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. आणि खरं सांगू? मीही चुकलो. पटकन त्याला मुक्या शिपायाचं काम देऊन टाकलं.

रात्री मला टॉम ऑल्टर आठवले. तुमच्या आईबाबांना विचारा. दूरदर्शनवरच्या 'जुनून' मालिकेतला केशव कलसी त्यांना नक्की आठवेल.

टॉम यांचे आजी-आजोबा १९१६ साली अमेरिकेहून भारतात आले. टॉम यांचा जन्म मात्र मसुरीचा, २२ जून १९५० चा. शिकायला ते अमेरिकेत गेले, पण तिथे मन रमेना, म्हणून वर्षभरात परतले. हरियाणातल्या जगाधरीला काही महिने चक्क शिक्षक होते! तिथेच त्यांनी 'आराधना' सिनेमा पाहिला आणि ठरवलं, आपण नट व्हायचं. मग १९७२ ते १९७४ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकले.

रंग गोरा, डोळे निळे. त्यामुळे सिनेमात कामं यायची ती बहुतेक इंग्रज साहेबाची. 'शतरंज के खिलाड़ी'मध्ये (१९७७) ते कॅप्टन वेस्टन झाले. इतकं अस्खलित हिंदी-उर्दू बोलायचे, तरी लोकांचा प्रश्न ठरलेला : "तुम्ही हिंदी कुठे शिकलात?" अहो, जन्मच इथला! या प्रश्नाचा त्यांना राग यायचा.

पण ते नुसते रागावून बसले नाहीत. रंगमंचावर ते मौलाना आझाद झाले, मिर्झा गालिब झाले. पानंच्या पानं उर्दू संवाद! तिथे त्यांचा रंग कोण बघतो? लोक कान देऊन ऐकायचे. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी ते गेले.

भाषा कातडीवर लिहिलेली नसते, मुलांनो. जो तिच्यावर जीव लावतो, रोज घोकतो, तिची ती होते. आणि एक भाषा शिकायची म्हणून दुसरीची लाज कशाला?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली आणि त्याला नावाडी केलं. नावाडी तापीकाठचा, म्हणजे अहिराणीच बोलणार! शेवटची सूत्रधाराची चार वाक्यं मात्र पुस्तकी मराठीत, आणि तीही तोच म्हणणार. सध्या तो ती संगमावर उभा राहून मोठमोठ्याने पाठ करतो. 'ळ' जरा अडतो. अडू दे! स्नेहसंमेलनाला अजून दहा दिवस आहेत.

या आठवड्याचा उद्योग : आजीला विचारून घरच्या बोलीतले दहा शब्द वहीत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा. कुणी हसलं, तर टॉम ऑल्टर यांची गोष्ट सांगा.

तुमचे,
गुरुजी, प्रकाशा