रिकामी खुर्ची आणि थांबलेली पोटगी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने कोणी हे म्हटलं, त्याला बहुधा दोन वेळचं जेवण घरात आयतं मिळत असणार! कारण नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पदरात दोन मुलं असलेली बाई काही हौसेने कोर्टाची पायरी चढत नाही. तिच्यापुढे दुसरी वाटच उरलेली नसते. पण पायरी चढल्यावर आत साहेबच नसतील तर?

तालुक्याच्या गावी हे नवं नाही. न्यायाधीशांची बदली होते, नवीन साहेब यायला महिनोन् महिने लागतात. तोवर शेजारच्या कोर्टाकडे चार्ज. तिथल्या साहेबांच्या बोर्डावर आधीच ढीगभर प्रकरणं. ते आपलं बघणार की दुसऱ्याचं? जामीन, अगदी तातडीचं काही असेल तेवढं घेतात. बाकीच्यांना पुढची तारीख. आमच्या ओळखीतली एक मुलगी अंतरिम पोटगीच्या अर्जासाठी ओळीने पाच तारखा नुसतीच जाऊन आली. दर खेपेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि शेजारणीकडे सोडलेलं पोर. पाचव्या तारखेला ती मला म्हणाली, “काकू, हरले असते तर निदान कळलं तरी असतं.”

कायद्यात सगळं छान लिहिलंय हो! कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात म्हटलंय, अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख लावा आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करा. साठ दिवस! आपल्याकडे साठ दिवसांत कित्येकदा समोरच्याला नोटीससुद्धा बजावून होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. फार चांगला निकाल. पण पुढे कधीतरी थकबाकी मिळेल म्हणून दूधवाला थांबतो का? शाळेची फी थांबते का?

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, “परदेशात न्यायाधीशसुद्धा निवडून देतात म्हणे. आपल्याकडेही तसंच करा की! मतं मागायला आले की विचारू जाब.” आमच्या भिशीतही यावर चांगलीच जुंपली होती. ऐकायला बरं वाटतं, पण जरा आत जाऊन बघू या.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांमध्ये न्यायाधीशपदासाठी निवडणुका होतात हे खरं आहे. त्याचा बायकांना फायदा झाल्याचीही उदाहरणं आहेत. टेक्सास राज्यातल्या हॅरिस काउंटीत २०१८ साली सतरा कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच निवडणुकीत न्यायाधीश झाल्या. पण दुसरी बाजूही बघा. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या फक्त एका जागेसाठी निवडणूक झाली आणि तिच्यावर दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. एका खुर्चीसाठी! मेक्सिकोने तर देशभरातले सगळेच न्यायाधीश मतदानाने निवडायचं ठरवलं. पहिलं मतदान १ जून २०२५ ला झालं. मतदाराच्या हातात केंद्रीय न्यायालयांच्याच सहा मतपत्रिका, त्यावर अनोळखी नावांच्या याद्या. शंभरातले जेमतेम तेरा लोक मतदानाला आले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ जागांपैकी पाचांवर स्त्रिया आल्या, ही त्यातली आनंदाची गोष्ट. पण सत्याऐंशी लोक घरीच बसले, त्याचं काय?

आता हेच आपल्या तालुक्यात आणून बघा. आपल्याकडची निवडणूक आपल्याला ठाऊक आहे. जेवणावळी, पाकिटं, भावकी, जात, पॅनेल. ज्याच्या पोराने सुनेला मारहाण केली, तोच गावचा पुढारी असला आणि त्याच्याच मतांच्या गठ्ठ्यावर न्यायाधीश निवडून आला, तर त्या सुनेने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? न्यायाधीश गावचा नसतो, दर काही वर्षांनी बदलतो, त्याला कुणाचं मत नको असतं, हेच तर त्या सुनेचं बळ आहे. म्हणून मला न्यायाधीशांची निवडणूक नको. मला भरलेली खुर्ची हवी.

ही खुर्ची भरते कशी, हे मात्र आपण बायकांनी समजून घ्यायला हवं. तालुक्याच्या कोर्टात बसणारे दिवाणी न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी आपल्या राज्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडले जातात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, मग नेमणूक आणि प्रशिक्षण. यात वेळ जातो, कबूल. पण कोण कधी निवृत्त होणार हे वर्षभर आधी ठाऊक असतंच ना? लग्नाची तारीख ठरली की आपण मांडव, आचारी, आहेर सगळं आधीच ठरवतो. नवरी दारात उभी राहिल्यावर कुणी आचारी शोधायला निघत नाही! सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच जागा भरण्याचं वेळापत्रक ठरवून दिलं. तरीही देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत सुमारे पंचवीस हजार मंजूर पदांपैकी पाच हजारांच्या आसपास पदं २०२५ पर्यंत रिकामीच होती. आणि याच न्यायालयांत प्रलंबित प्रकरणं साडेचार कोटींच्या वर!

शिवाय मंजूर पदंच मुळात कमी. विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं होतं, दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. आजही आपण त्याच्या निम्म्यावरसुद्धा पोचलेलो नाही. नवी पदं मंजूर करणं, कोर्टाची इमारत, कारकून, बेलिफ यांचा पैसा देणं, हे काम राज्य सरकारचं. म्हणजे न्यायाधीशासाठी आपलं मत नसलं, तरी खुर्चीसाठी आहे!

या खुर्च्यांवर आपल्या लेकीही बसतायत, हे सांगायलाच हवं. १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात अॅना चंडी न्यायाधीश झाल्या, तेव्हा ते नवल होतं. आज खालच्या न्यायालयांत दर तिघांत एकीहून जास्त स्त्रिया आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभव हवा हे मला पटतं. पण छोट्या गावातल्या मुलीला ही तीन वर्षं जड जातात. ज्युनिअर वकिलाला हातात मिळतं काय? घरात लग्नाची घाई, बाररूममध्ये बसायला धड जागा नाही, कित्येक ठिकाणी स्वच्छतागृहसुद्धा नाही. लेकीने काळा कोट घातला की ती तीन वर्षं तिच्या पाठीशी उभं राहणं, हाही खुर्ची भरण्याचाच एक भाग आहे.

मागितल्याने काही होतं का, असं विचाराल तर कोल्हापूरकडे बघा. उच्च न्यायालय जवळ हवं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या बाईची मुंबईची खेप वाचली. ते काही कुणी आपणहून ताटात वाढलं नव्हतं.

मग आपण काय करायचं? मोर्चाच काढायला हवा असं नाही. आपल्या तालुक्याच्या कोर्टात मंजूर पदं किती, भरलेली किती, किती महिन्यांपासून रिकामी, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. बचत गटातल्या एखादीने साध्या कागदावर अर्ज लिहायचा. उत्तर आलं की ते जपून ठेवायचं आणि आमदारकीचे उमेदवार हळदीकुंकवाला साड्या वाटायला आले, की त्यांच्यापुढे धरायचं. “साडी राहू द्या भाऊ, आमच्या कोर्टाला दुसरा न्यायाधीश मंजूर करून आणणार का, ते सांगा.” बघा कसे गडबडतात!

आणि जिची केस चालू आहे, तिने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, स्त्रीला मिळकत कितीही असली तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जायचं, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. दोन, आपल्या प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वकिलांकडून मागून घ्यायचा. मोबाइलवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

एसटीने खेप घालण्याआधी वकिलांना किंवा कोर्टाच्या कारकुनांना फोन करून साहेब आहेत का, तेही विचारून घ्यावं. निदान तेवढी एक मजुरी तरी वाचेल. बाकीचं जे आहे, ते एकटीने मागून मिळणार नाही. ते सगळ्याजणींनी मिळूनच मागायला हवं.