आठ मीटरची श्रीमंती

बोट शोमध्ये प्रत्येक गोष्टीचा आकडा लिहिलेला असतो, किंमत तेवढी सोडून. नौकेसमोरच्या फलकावर लांबी, रुंदी, इंजिनांची अश्वशक्ती, टाकीत मावणारे डिझेल, पाहुण्यांच्या खोल्या किती, खलाशांच्या किती, सगळे दशांशापर्यंत. किमतीच्या जागी ‘चौकशी करावी’. चौकशी करणाऱ्याने आधी जोडे काढून टोपलीत ठेवायचे, कारण सागवानी डेकवर ओरखडा उमटता कामा नये. मग कडक इस्त्रीचा एक तरुण आकडा सांगतो. त्यात व्हॅट धरलेला नसतो, आणि समोर उभी असलेली नौका त्या आकड्यात मिळतही नाही. आकडा असतो मूळ मॉडेलचा. डोलणे थांबवणारा जायरो, पाण्यात उतरणारा मागचा मंच, जादा जनरेटर, पायऱ्यांवरचा संगमरवर यांचा हिशेब वेगळा.

सप्टेंबरात फ्रान्समधले कान आणि मोनॅको, ऑक्टोबरच्या अखेरीस फ्लोरिडातले फोर्ट लॉडरडेल, जानेवारीत ड्युसेलडॉर्फ, अशी या बाजाराची वार्षिक फेरी आहे. ड्युसेलडॉर्फला नऊ दिवसांत दोन लाखांवर माणसे येतात. मोनॅकोत गर्दी नकोच असते, म्हणून एका दिवसाच्या तिकिटालाच काहीशे युरो पडतात. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र या सगळ्या धक्क्यांवर एकच कुजबुज आहे. दहा वर्षांपूर्वी जेवढ्यात अमुक फुटांची नौका आली, तेवढ्यात आता तिची धाकटी बहीणसुद्धा येत नाही.

बांधणारे कारणे देतात आणि ती खोटी नाहीत. कोविडच्या काळात श्रीमंतांना गर्दीपासून लांब जायचे होते, मागणी एकाएकी उसळली, शिपयार्डांची वही पुढची काही वर्षे भरून गेली. वही भरलेला दुकानदार सूट कशाला देईल? रेझिन, अॅल्युमिनियम, सुतारांची मजुरी, सगळेच चढले. ठरावीक आकारापुढच्या नव्या नौकांना २०२१ पासून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर फिरायचे तर धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आवश्यक झाली. ती पैसे खाते आणि इंजिनखोलीतली जागाही. सागवानाची गोष्ट आणखी वेगळी. डेकसाठी नावाजलेले सागवान म्यानमारचे, आणि २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर युरोप-ब्रिटनने निर्बंध घातले. त्याआधीपासून लाकूड कायदेशीर तोडीचे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर आहेच. सनसीकर या नामांकित ब्रिटिश कंपनीला लाकूड आयातीचे नियम मोडल्याबद्दल २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने दंड केला, त्यात म्यानमारचे सागवानही होते.

एवढ्यावर थांबलो तर लेख महागाईचा होईल. माझ्या मते महागाई हा या गोष्टीचा लहान भाग आहे. किमती चढल्या त्यापेक्षा बोट शोमधल्या शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या गेल्या, हे जास्त खरे आहे.

त्यासाठी एका हिवाळ्याकडे जाऊ. नोव्हेंबर १९६२. उत्तर इटलीतल्या इझेओ सरोवराकाठी सार्निको गावात ज्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बोटी बांधत आले, त्या कार्लो रिवा यांनी मिलानच्या प्रदर्शनात ‘अॅक्वारामा’ मांडली. महोगनीचे चकाकते अंग, त्यावर वॉर्निशचे थरावर थर, मोटारीसारखी वळलेली समोरची काच, पोटात दोन व्ही-एट इंजिने. पुढे नटनट्या, उद्योगपती, राजघराण्यातली माणसे तिच्या मागे लागली. त्या काळातल्या विलासी मोटरबोटीचे हे शिखर होते, आणि त्या शिखराची लांबी होती जेमतेम आठ मीटर.

दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६३ मध्ये, लंडन बोट शोमध्ये ‘मिरर डिंगी’ आली. डेली मिरर या वर्तमानपत्राने पुढाकार घेतलेला. रेखाटन जॅक होल्ट या बोटकाराचे आणि बीबीसीवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेल यांचे. प्लायवूडचे कापलेले तुकडे खोक्यात येत, ते तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यावर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, लाल शीड चढवायचे. काम गॅरेजमध्ये होण्यासारखे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा सत्तर हजारांच्या आसपास बोटी झाल्या. शाळामास्तर, टपाल कारकून, कारखान्यातले फिटर असल्या माणसांना या बोटीने समुद्रावर नेले.

अॅक्वारामा आणि मिरर यांच्यात पैशाचे अंतर प्रचंड होते, पण माप एकाच जातीचे होते. दोन्ही बोटी एक माणूस हाकू शकत होता. मिररवाल्याला अॅक्वारामा परवडत नव्हती, तरी ती काय चीज आहे हे त्याला कळत होते. मधल्या पायऱ्याही जागेवर होत्या. इंग्लंडमधल्या प्लिमथमध्ये १९६५ साली डेव्हिड किंग आणि त्यांच्या सोबत्यांनी बांधलेली पहिली बोट एकतीस फुटांची होती आणि ती भाड्याने देण्यासाठी होती. तीच कंपनी आज प्रिन्सेस यॉट्स म्हणून ओळखली जाते आणि पंचाण्णव फुटांच्या नौका बांधते. तिथल्याच पूल या गावात रॉबर्ट ब्रेथवेट यांनी १९६९ साली सुरू केलेली सनसीकर सतरा फुटांपासून वर चढली. इटलीत आझिमुट कंपनीचे पाओलो विटेल्ली विद्यार्थिदशा संपता संपता शिडाच्या बोटी भाड्याने देत होते.

मग सगळेच वर का सरकले? लहान बोट विकायला विक्रेता तोच लागतो, साचा तसाच बनवावा लागतो, प्रमाणपत्रांची कटकटही बहुतेक तीच, आणि नफा उरतो चिमूटभर. त्यात धक्के बसले. अमेरिकेने १९९० मध्ये एक लाख डॉलरपुढच्या बोटींवर दहा टक्के चैन कर लावला. धनिकांनी खरेदी पुढे ढकलली किंवा परदेशात केली, घरी बसले ते कारखान्यातले कामगार. कर १९९३ मध्ये मागे घ्यावा लागला. २००८च्या मंदीत कर्ज काढून बोट घेणारे गिऱ्हाईक सर्वांत आधी पळाले. त्याच सुमारास मालकही बदलत होते. प्रिन्सेस लुई व्हिताँच्या गोटात गेली आणि २०२३ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे. इटलीच्या फेरेत्ती कंपनीत २०१२ मध्ये चीनच्या वेइचाईने बहुमताचा हिस्सा घेतला, सनसीकर २०१३ मध्ये चीनच्याच वांडाने. भांडवल लावणाऱ्याला एका वर्षात शंभर लहान बोटी विकण्यापेक्षा पाच मोठ्या विकणे सोयीचे वाटते. कोणीही माणूस असाच विचार करील, यात खलनायक शोधू नये.

वर जाणे सुरक्षित असते असेही नाही. इटलीच्या वियारेज्जो गावातल्या बेनेत्ती शिपयार्डने १९८० मध्ये शस्त्रदलाल अदनान खाशोगी यांच्यासाठी ८६ मीटरची ‘नाबिला’ बांधली, नाव त्यांच्या मुलीचे. आकार दिला जॉन बॅननबर्ग या ऑस्ट्रेलियन माणसाने. आजच्या महानौकांच्या रेखाटनाची परंपरा त्यांच्यापासून मोजतात. बाँडपटात दिसलेली ही नौका पुढे ब्रुनेईच्या सुलतानाकडे, मग सुमारे २.९ कोटी डॉलरना डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे आणि शेवटी एका सौदी राजपुत्राकडे गेली. मालक बदलले, नौका तरली. बांधणारी बेनेत्ती मात्र तिच्या खर्चाखाली वाकली आणि १९८५ मध्ये विटेल्लींच्या आझिमुटने तिला विकत घेतले.

आता किमतीच्या खऱ्या गणिताकडे येतो. या सदराच्या वाचकांना टनेजचे प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर. नौकेचा ‘ग्रॉस टन’ हे वजन नसते, ते बंदिस्त जागेचे माप असते. लांबी दहा टक्क्यांनी वाढवा आणि बाकीची प्रमाणे तीच ठेवा, तर जागा वाढते तेहतीस टक्के. लांबी तीच ठेवूनही जागा वाढवता येते. नाळ तिरकी न ठेवता सरळ उभी करायची, खांदे रुंद करायचे, वर अर्धा मजला चढवायचा. गेल्या वीस वर्षांत रेखाटनकारांनी मुख्यतः हेच केले आहे. फलकावर ऐंशी फूट तेव्हाही होते आणि आताही आहेत, पण पोट बरेच वाढले. गिऱ्हाईक फुटाचा भाव धरून ओरडते, कंपनी टनाने पैसे घेते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात.

ही जागा कुठे थांबवायची ते कायदा ठरवतो. ५०० टनांची रेषा ओलांडली की धंद्यासाठी चालणाऱ्या नौकेला ‘सोलास’चे, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर जन्मलेल्या सागरी सुरक्षा कराराचे, कडक नियम भिडू लागतात. आगीला दाद न देणाऱ्या भिंती, वरच्या पात्रतेचे अधिकारी, जास्त तपासण्या. म्हणून जगातल्या शिपयार्डांत पन्नास मीटरच्या आसपासच्या नौकांचे एक मोठे कुळ निपजले आहे, आणि त्यातल्या कितीतरींचे टनेज असते ४९९. बाटाच्या दुकानातल्या चपलेसारखे! ४९९ म्हणजे ढोबळ १,९०० घनमीटर बंदिस्त जागा. त्यात बसवायला रेखाटनकार छत चार बोटे खाली घेतो, दिवाणखान्याच्या भिंती काढून उघडा सज्जा करतो, कारण उघडी जागा सहसा मोजत नाहीत. मासिकांत त्याचे वर्णन ‘समुद्राशी संवाद साधणारी वास्तुरचना’ असे येते. संवाद बऱ्याचदा मोजणी अधिकाऱ्याशी चाललेला असतो.

खाली दुसरी रेषा २४ मीटरची. युरोपात त्याच्या आतल्या हलला तुलनेने सोपा कायदा लागतो, आणि बोल्टने जोडलेला मागचा मंच त्या मापात येत नाही. त्यामुळे सव्वीस-सत्तावीस मीटरच्या नौका कागदावर चोवीसच्या आत असतात. तिसरी रेषा माणसांची. बारांपेक्षा जास्त प्रवासी घेतले की ती प्रवासी जहाज ठरते, म्हणून मोठ्या नौकेतही पाहुण्यांसाठी खोल्या बहुधा सहाच. अब्जाधीशालाही तेरावा पाहुणा सहजी प्रवासात नेता येत नाही, हे कळल्यावर मला थोडे बरे वाटले होते, नाकारत नाही.

रेखाटनाचा दर्जा घसरला असे मात्र मी म्हणणार नाही. सानलोरेंझो या इटालियन कंपनीची २०१८ची असममित नौका पाहा. दोन्ही बाजूंनी चालायचे मार्ग असावेत हा शेकडो वर्षांचा शिरस्ता. मोटारींचे रेखाटनकार क्रिस बँगल यांच्या मदतीने त्यांनी एका बाजूचा मार्ग उचलून छतावर नेला आणि तेवढी जागा आतल्या दिवाणखान्याला दिली. कल्पना साधी आणि धीट आहे. पण तिचा हेतू काय, तर जागा वाढवणे. नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक वेग मागत असे, तीस-पस्तीस नॉट. आता ते नांगर टाकून बसते. मागचा भाग उघडून पाण्याला लागून बसण्याची जागा होते, बाजूच्या भिंती खाली येऊन सज्जे होतात, हलमध्ये घरातल्यासारख्या मोठ्या काचा येतात. रिवाची बोट हाकणाऱ्याभोवती बांधलेली होती. आजची नौका बसणाऱ्याभोवती बांधतात, हाकणारा पगारी असतो. आणि मोठ्या महानौकांपैकी काहींच्या दिमतीला किनाऱ्यावर ये-जा करायला एखादी वॉर्निश केलेली रिवा असते. १९६२ चे शिखर आता नोकर म्हणून सोबत फिरते.

आपल्याकडे हा बाजार चिमूटभर आहे, पण त्याची चमक आणि पडझड दोन्ही आपण पाहिली आहेत. रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांची १९०६ सालची ‘कलिझ्मा’ विजय मल्ल्यांच्या मालकीची होती आणि मुंबई बंदरात उभी असे. त्यांचीच ९५ मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ २०१८ मध्ये माल्टात अडकली, कारण खलाशांचे पगार थकले होते. तिथल्या न्यायालयाने ती लिलावात काढली. सप्टेंबर २०२५ पासून चैनीच्या नौकांवर आपल्याकडे चाळीस टक्के जीएसटी आहे. मोठ्या मालकाला तो फारसा अडवणार नाही, तो नौका परदेशी झेंड्याखाली भूमध्यसागरात ठेवील. ज्याला मांडवा किंवा मुरूडपर्यंत जायला सात-आठ मीटरची बोट घ्यायची आहे, त्याला मात्र अडवील. अशी बोट बांधणारे हात इथेच आहेत. कोकणात मासेमारीच्या होड्या केव्हाच लाकडावरून फायबरच्या साच्यावर आल्या आहेत. कराची रेषा किमतीवर किंवा लांबीवर ओढली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. सरसकट ओढल्यामुळे खालची पायरीच पुन्हा एकदा काढली गेली.

मुंबई बंदराच्या जागेत मरीना उभारण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. गेटवेसमोर उघड्या पाण्यात झुलणाऱ्या आणि पावसाळ्यात काढून न्याव्या लागणाऱ्या बोटींचे हाल पाहता ती हवीच. तिचा आराखडा लोकांसमोर येईल तेव्हा किती मोठ्या यॉट मावतील हे मोठ्या अक्षरांत छापलेले असेल. आठ मीटरच्या आतल्या बोटींना किती जागा आणि महिन्याचे भाडे किती, हे तेव्हा नौकानयन मंडळांनी लेखी मागून घ्यावे.